रिझोल्यूशन दुप्पट झालं, म्हणजे नक्की काय झालं?

मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या शोधनिबंधांत एक दावा आता इतक्यांदा भेटतो की वाचताना नजर त्यावर थांबतही नाही. तेच यंत्र, तेवढाच मोजणीचा वेळ, फक्त सिग्नलवर प्रक्रिया करायची पद्धत बदलली आणि रिझोल्यूशन, म्हणजे विभेदनक्षमता, दुप्पट झाली. कधी दुप्पट, कधी चौपट. सोबत दोन आकृत्या असतात. डावीकडे एक जाडजूड डोंगर, उजवीकडे त्याच जागी दोन सुया. बघणाऱ्याला वाटतं, चला, फुकटात काम झालं.

आज या दाव्याचा हिशोब तपासायचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की "रिझोल्यूशन वाढलं" या एकाच वाक्याखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक असते नुसती रंगरंगोटी. दुसरी असते वसुली, म्हणजे आपल्याच डेटात पडून राहिलेली माहिती परत मिळवणं. तिसरी असते उधारी, म्हणजे डेटात नसलेली माहिती गृहीतकांतून आणणं. उधारीत वाईट काही नाही, पण कोणाकडून घेतली आणि कोणत्या अटीवर, हे वहीत लिहिलेलं असावं. बऱ्याच निबंधांत ते नसतं, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

आधी यंत्राबद्दल

फूरिये ट्रान्सफॉर्म मास स्पेक्ट्रोमेट्रीत आयन एका पोकळीत कोंडून ठेवतात. आयसीआर प्रकारच्या यंत्रात प्रबळ चुंबकीय क्षेत्र असतं आणि आयन त्यात गोल फिरतात. ऑर्बिट्रॅपमध्ये चुंबक नसतो. तिथे मधोमध चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता इलेक्ट्रोड असतो. आयन त्याभोवती फिरता फिरता त्याच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे झुलतात. दोन्हीकडे तत्त्व एकच: हलका आयन भरभर, जड आयन सावकाश. आयनांचा थवा जवळून गेला की बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतो. तो वेळेनुसार नोंदवला की हाती येतो तो ट्रान्झिएंट, म्हणजे सगळ्या आयनांचा एकत्र गलका. फूरिये ट्रान्सफॉर्म या गलक्यातून वेगवेगळ्या वारंवारता निवडून काढतं आणि वारंवारतेवरून आपण वस्तुमान काढतो.

आयसीआरमध्ये फूरिये ट्रान्सफॉर्म आणलं कोमिसारो आणि मार्शल या जोडीनं, १९७४ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. ऑर्बिट्रॅपचा मूळ निबंध अलेक्झांडर मकारोव्ह यांचा, २००० सालचा. म्हणजे निम्म्या शतकाचा अनुभव या तंत्राच्या पाठीशी आहे.

आता आकडे घेऊ, कारण पुढचा सगळा वाद आकड्यांचा आहे. ७ टेस्लाच्या चुंबकात एम/झेड ४०० चा आयन सेकंदाला साधारण २ लाख ६९ हजार फेऱ्या मारतो. कच्च्या तेलाचं विश्लेषण करणाऱ्यांना नेहमी दोन जोड्या छळतात. पहिली जोडी: एका रेणूत तीन कार्बन आहेत, दुसऱ्यात त्यांच्या जागी एक गंधक आणि चार हायड्रोजन. वस्तुमानातला फरक फक्त ३.४ मिलिडाल्टन. दुसरी जोडी: एकीकडे चार साधे कार्बन, दुसरीकडे एक गंधक, तीन हायड्रोजन आणि एक कार्बन-१३. फरक १.१ मिलिडाल्टन. वरच्या यंत्रात, एम/झेड ४०० ला, हे फरक वारंवारतेत मोजले तर पहिल्या जोडीसाठी सुमारे २.३ हर्ट्झ आणि दुसऱ्या जोडीसाठी ०.७४ हर्ट्झ येतात. पावणेतीन लाखांच्या जवळपासच्या आकड्यात पाऊण हर्ट्झचा फरक शोधायचा!

वेळेचा नियम

तानपुरा लावताना कधी लक्ष दिलंय? मधल्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. तारा जितक्या जवळ, तितकी ती लाट संथ. दोन तारांत ०.७४ हर्ट्झचा फरक असेल तर एक लाट पूर्ण व्हायला सुमारे १.३५ सेकंद लागतात. तुम्ही फक्त पाव सेकंद ऐकलंत, तर तारा दोन आहेत की एकच आहे आणि ती विरत चालली आहे, हे सांगता येणार नाही. कान कितीही तयार असो, लाट ऐकायला वेळ द्यावा लागतो.

फूरिये ट्रान्सफॉर्मचा नियम हाच. ट्रान्झिएंट टी सेकंदांचा असेल तर नेहमीच्या पद्धतीनं काढलेल्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी १.२०७ भागिले टी हर्ट्झ इतकी असते. एक सेकंद मोजलं तर १.२ हर्ट्झ. वरच्या उदाहरणात विभेदनक्षमता येते साधारण २ लाख २३ हजार. ३.४ मिलिडाल्टनची जोडी सुटेल, १.१ ची सुटणार नाही.

मग जास्त वेळ का मोजत नाही? कारण आयन थकतात. पोकळीत उरलेल्या वायूच्या रेणूंवर आपटतात, एकमेकांना ढकलतात, थव्याची शिस्त मोडते आणि सिग्नल विरतो. शिवाय यंत्राच्या आधी लिक्विड क्रोमॅटोग्राफी जोडलेली असेल तर एखादा पदार्थ काही सेकंदच बाहेर येत असतो. तेवढ्यात अनेक स्पेक्ट्रा घ्यायचे असतात. दुसरा उपाय म्हणजे मोठा चुंबक. अमेरिकेत टॅलाहासी इथे आणि रिचलंड इथे २१ टेस्लाची आयसीआर यंत्रं आहेत. ७ च्या जागी २१ टेस्ला म्हणजे वारंवारता तिप्पट, म्हणजे तेवढ्याच वेळात विभेदनक्षमता तिप्पट. पण असे चुंबक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. त्यामुळे बाकीच्यांनी सॉफ्टवेअरकडे आशेनं बघावं हे साहजिकच आहे. या आशेला नावं ठेवायची नाहीयेत. तिला खोटं बिल दिलं जाऊ नये, एवढंच.

पहिला प्रकार: रंगरंगोटी

सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे झिरो-फिलिंग. ट्रान्झिएंटच्या शेवटी शून्यं जोडायची आणि मग फूरिये ट्रान्सफॉर्म करायचं. स्पेक्ट्रममध्ये बिंदू वाढतात, शिखर गुळगुळीत दिसतं. एकदा शून्यं जोडून लांबी दुप्पट करणं हे अगदी रास्त आहे. बार्थोल्डी आणि अर्न्स्ट यांनी १९७३ मध्येच एनएमआरच्या संदर्भात दाखवलं होतं की त्यामुळे सिग्नलमधली माहिती पूर्णपणे वापरात येते. पण त्यानंतर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शून्यं जोडत राहिलात तर फक्त बिंदूंमधल्या जागा भरल्या जातात. मोबाइलमधला जुना ग्रुप फोटो मोठा केल्यासारखं आहे ते. चेहरा मोठा होतो, पण मागच्या रांगेत कोण उभं आहे ते कळत नाही.

झिरो-फिलिंगनं रिझोल्यूशन वाढतं असं आज कोणी उघड म्हणत नाही. आकृती मात्र तसं म्हणत असते. "आधी"चं शिखर सात-आठ बिंदूंचं ओबडधोबड, "नंतर"चं शिखर शंभर बिंदूंचं रेखीव. डोळा फसतो.

दुसरी युक्ती जास्त गंभीर आहे, कारण ती आकड्यातच शिरते. ट्रान्झिएंट अचानक तुटतो त्यामुळे शिखराच्या दोन्ही बाजूंना लहान लहान खोटी शिखरं उगवतात. ती दाबायला ट्रान्झिएंटला एका खिडकीसारख्या वक्रानं गुणतात. हान नावाची खिडकी त्यासाठी फार वापरतात. खोटी शिखरं दबतात, पण किंमत मोजावी लागते: शिखराची रुंदी १.२०७ भागिले टी वरून २ भागिले टी होते. म्हणजे सुमारे ६६ टक्के जाड. आता समजा "आधी"चा स्पेक्ट्रम हान खिडकीतून काढला आणि "नंतर"चा खिडकीशिवाय. नवीन पद्धतीनं काहीही न करता १.६६ पट फायदा कागदावर आला. म्हणून "दोन पट" वाचलं की मी पहिल्यांदा पद्धतींच्या विभागात जाऊन दोन्ही वेळा खिडकी कोणती होती ते शोधते. बऱ्याचदा एकीकडचंच नाव सापडतं.

तिसरी गोष्ट प्रक्रियेची नाही, पण याच हिशोबात येते. ऑर्बिट्रॅपमध्ये विभेदनक्षमता एम/झेडच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. जुन्या यंत्रांचे आकडे एम/झेड ४०० ला दिलेले असायचे, नवीन यंत्रांचे २०० ला देतात. तोच ट्रान्झिएंट, तेच यंत्र, फक्त मोजायची जागा बदलली की आकडा १.४१ पट मोठा. दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी हे बघायलाच हवं.

दुसरा प्रकार: वसुली

आता खऱ्या फायद्याकडे. फूरिये ट्रान्सफॉर्ममधून प्रत्येक वारंवारतेला दोन आकडे बाहेर येतात, कारण कोणत्याही लाटेला मोठेपणाबरोबर फेजही असते, म्हणजे मोजणी सुरू झाली तेव्हा ती लाट तिच्या फेरीत नेमकी कुठे होती हे. फेज माहीत असेल तर या दोन आकड्यांतून एक अरुंद, सुबक शिखर वेगळं काढता येतं. त्याला ॲब्सॉर्प्शन मोड म्हणतात. उरलेला भाग पसरट असतो, त्याला डिस्पर्शन म्हणतात. फेज माहीत नसेल तर आपण काय करतो? दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. हा झाला मॅग्निट्यूड मोड. त्यात फेजची कटकट उरत नाही, पण पसरट भाग अरुंद भागात कायमचा मिसळतो. चांगल्या तांदळात आपणच कण्या घालून मग तांदूळ जाड म्हणून ओरडण्यासारखं.

फायदा किती, याचं उत्तर इथे कागदावर काढता येतं, हे मला या पद्धतीचं सर्वांत आवडतं. सिग्नल मोजणीच्या शेवटपर्यंत टिकला असेल तर रुंदी १.२०७ भागिले टी वरून ०.६०३ भागिले टी होते. बरोबर निम्मी. सिग्नल मोजणी संपण्याआधीच विरून गेला असेल तर फायदा १.७३ पट. वरच्या उदाहरणात २ लाख २३ हजारचे ४ लाख ४५ हजार होतात, आणि १.१ मिलिडाल्टनची जोडी एका सेकंदात आवाक्यात येते. इथे काहीही गृहीत धरलेलं नाही. जी माहिती आपण मॅग्निट्यूड काढताना टाकून देत होतो, ती आता ठेवली.

इतकं सोपं असेल तर इतकी वर्षं का नाही केलं? एनएमआरवाले तर रोज करतात. अडचण फेज शोधण्यात होती. आयसीआरमध्ये आधी सगळ्या आयनांना एका वाढत्या वारंवारतेच्या लहरीनं ढकलावं लागतं. वेगवेगळे आयन वेगवेगळ्या क्षणी उचलले जातात. मग थोडं थांबून मोजणी सुरू होते. समजा हे थांबणं ५ मिलिसेकंदांचं आहे. तेवढ्यात आपल्या एम/झेड ४०० च्या आयनानं साधारण १,३४० फेऱ्या मारलेल्या असतात आणि शेजारच्यांनी वेगळ्या संख्येनं. स्पेक्ट्रमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेज हजारो वेळा गरगरते. ती वारंवारतेच्या वर्गापर्यंतच्या समीकरणात बसवता येते, हे तत्त्व माहीत होतं. प्रत्यक्षात पूर्ण स्पेक्ट्रमवर ते सवयीचं व्हायला २००४ ते २०१३ हा काळ लागला. त्या दशकात टॅलाहासीच्या गटानं आणि इंग्लंडमध्ये वॉरिकच्या गटानं हे काम पुढे नेलं. ऑर्बिट्रॅपमध्ये ते त्या मानानं सोपं पडलं, कारण तिथे आयन झटक्यात आत सोडले जातात आणि सगळे जवळजवळ एकाच क्षणी झुलायला लागतात. तिथे ॲब्सॉर्प्शन आणि मॅग्निट्यूड यांचा मेळ घालणारी "एनहान्स्ड एफटी" ही पद्धत यंत्रातच बसवली गेली.

म्हणजे या प्रकारावर टीका नाहीच का? आहे, पण ती वापराबद्दल आहे. ॲब्सॉर्प्शन मोडमध्ये शिखराच्या बाजूची खोटी शिखरं फक्त वर जात नाहीत, शून्याखालीही जातात. खिडकी न लावलेल्या शिखराशेजारचा पहिला खड्डा मूळ उंचीच्या जवळजवळ २२ टक्के खोल असतो. तुमच्या मोठ्या शिखराच्या शेजारी दहावा हिस्सा उंचीचं खरं शिखर असेल आणि ते नेमकं त्या खड्ड्यात पडलं, तर ते गायब. खड्डा भरायला खिडकी लावली की रुंदी पुन्हा वाढते. इथे एक बारकावा आहे. नेहमीची पूर्ण हान खिडकी ट्रान्झिएंटची सुरुवातच दाबते, जिथे सिग्नल सर्वांत जोरात असतो. अर्धी खिडकी, म्हणजे सुरुवातीला पूर्ण आणि शेवटाकडे शून्याला येणारी, लावली तर रुंदी १ भागिले टी इतकी राहते. म्हणजे दोन्ही बाजू खिडकीसकट मोजल्या तरी २ च्या जागी १, फायदा दुप्पटच. पण हेच १ जर बिनखिडकीच्या मॅग्निट्यूडच्या १.२०७ शी लावलं, तर फायदा वीस टक्क्यांवर येतो. कोणाशी तुलना केली यावर दुप्पट की वीस टक्के हे ठरतं! दोन्ही विधानं खरी आहेत, पण वाचणाऱ्याला एकच दाखवलं जातं.

दुसरं, फेज थोडी जरी चुकली तर शिखर एका बाजूला कलतं आणि त्याचा माथा सरकतो. म्हणजे वस्तुमानात चूक येते. ॲब्सॉर्प्शनचे स्पेक्ट्रा छापताना आधारेषा आणि फेज जुळवणी पूर्ण पल्ल्यावर दाखवायला हवी, एका निवडक सुबक शिखरावर नाही.

तिसरा प्रकार: उधारी

आता सर्वांत मोठे दावे जिथे होतात तो भाग. फिल्टर डायगोनलायझेशन, लीस्ट-स्क्वेअर्स फिटिंग, फेज-बद्ध डीकन्व्होल्यूशन अशी नावं आहेत. कोझिनोव्ह आणि त्सिबिन यांनी २०१२ मध्ये फिल्टर डायगोनलायझेशनवर आधारित मास स्पेक्ट्रोमेट्री मांडली. ऑर्बिट्रॅप बनवणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये फेज-बद्ध पद्धत मांडली, तिला फाय-एसडीएम म्हणतात. तपशील वेगवेगळे, पण मुळातली कल्पना समान: वेळेचा नियम फूरिये ट्रान्सफॉर्मला लागू होतो, कारण ते सिग्नलबद्दल काहीच गृहीत धरत नाही. आपण जर गृहीत धरलं की सिग्नल म्हणजे मोजक्या लाटांची बेरीज आहे, तर त्या लाटांच्या वारंवारता थेट सोडवता येतील.

हे खरं आहे. तानपुऱ्याकडे परत येऊ. पाव सेकंद ऐकून लाट ओळखता येत नाही, असं मी म्हटलं. पण तुम्हाला आधीच सांगितलं की तारा नेमक्या दोनच आहेत, दोन्ही एकाच क्षणी छेडल्या आहेत, आणि दोन्ही विरत नाहीयेत, तर आवाज किंचित उतरला यावरूनही फरकाचा अंदाज बांधता येईल. तीन गोष्टी उधार घेतल्या, त्या बदल्यात वेळ वाचला. आता यातली एक उधारी खोटी निघू द्या. समजा तार एकच होती आणि ती विरत होती. तुमची पद्धत तरीही दोन तारा सांगेल, तीही ठामपणे, दोन दशांश स्थळांपर्यंत.

माझी मुख्य हरकत या ठामपणावर आहे. फूरिये ट्रान्सफॉर्मला कळलं नाही तर ते जाड डोंगर दाखवतं. त्या जाडीतच "मला माहीत नाही" असं लिहिलेलं असतं. गृहीतकांवर चालणाऱ्या पद्धती नेहमी बारीक रेषाच देतात. सिग्नल चांगला असो वा गोंगाटात बुडालेला, रेषा सारखीच बारीक. त्यामुळे तिच्या रुंदीवरून विभेदनक्षमता काढणं निरर्थक आहे, आणि तरीही निबंधांत ती काढलेली दिसते. एका शिखराचा माथा किती अचूक वाचता येतो हा एक प्रश्न. दोन शेजारी वेगळे आहेत हे सांगता येतं का, हा दुसरा प्रश्न. शिखर एकटं आहे हे पक्कं माहीत असेल तर त्याचा माथा रुंदीच्या शंभराव्या हिश्शापर्यंतही वाचता येतो. त्याला वस्तुमानाची अचूकता म्हणावं. रिझोल्यूशन हे नाव दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवावं.

दुसरी हरकत गोंगाटाची. १ भागिले टी पेक्षा जवळच्या जोड्या सोडवायला लागलात की लागणारी सिग्नलची स्पष्टता झपाट्यानं वाढते. दोन सारख्या उंचीची, मोठी, एकाकी शिखरं सोडवून दाखवणं हा प्रयोगशाळेतला सराव सामना झाला. खरं सॅम्पल म्हणजे कच्चं तेल, ज्यात हजारो शिखरं असतात आणि बरीचशी गोंगाटाच्या जरा वर डोकं काढून असतात. त्यात एक मोठं आणि शेजारी त्याच्या शंभराव्या हिश्शाचं, ही परिस्थिती रोजची.

तिसरी हरकत भौतिकीची. आयसीआरमध्ये जवळच्या वस्तुमानाचे आयन भरपूर संख्येनं असतील तर ते एकमेकांच्या विद्युतक्षेत्रामुळे एकाच वारंवारतेनं फिरू लागतात. दोन थव्यांचा खरोखर एकच थवा होतो. मग ट्रान्झिएंटमध्ये दुसरी वारंवारता नसतेच. नसलेली गोष्ट कुठल्याही गणितानं मिळत नाही, आणि मिळाली तर ती गणितानं तयार केलेली असते. तसंच मोजणीदरम्यान वारंवारता किंचित सरकली, किंवा सिग्नल मॉडेलमध्ये मांडला आहे तसा विरला नाही, तर ती विसंगती भरून काढायला पद्धत जादा लाटा जोडते. त्या स्पेक्ट्रममध्ये शिखरं म्हणून येतात.

मग ही उधारी कुठे फेडली जाते? जिथे उत्तराचा बराचसा भाग आधीच पक्का माहीत असतो तिथे. प्रथिनांच्या तुलनेसाठी वापरतात ते टीएमटी टॅग याचं उत्तम उदाहरण. त्यातल्या काही जोड्यांत फरक फक्त कार्बन-१३ आहे की नायट्रोजन-१५ एवढाच, म्हणजे ६.३२ मिलिडाल्टन. ही शिखरं कुठे येणार हे टॅग बनवतानाच ठरलेलं असतं, ऑर्बिट्रॅपमध्ये फेजही माहीत असते. अज्ञात उरते फक्त प्रत्येकाची उंची. अशा वेळी फाय-एसडीएमसारखी पद्धत कमी वेळाच्या ट्रान्झिएंटमधून काम भागवते, यंत्र तेवढ्याच वेळात जास्त पेप्टाइड बघतं, आणि हा फायदा खराखुरा आहे. स्वतःच्या घरात दिवे गेले तर माणूस अंदाजानं पाण्याच्या माठापर्यंत बरोबर पोचतो. परक्या घरात तोच आत्मविश्वास दाखवला तर कपाळमोक्ष ठरलेला. टीएमटी हे स्वतःचं घर आहे. अज्ञात मिश्रण हे परकं. मूळ निबंधांचे लेखक हा भेद बहुधा पाळतात. त्यांना उद्धृत करणारे पाळतातच असं नाही.

चुकीचं शिखर कुठे जातं

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण स्पेक्ट्रममधलं शिखर स्पेक्ट्रममध्ये राहत नाही. त्याला एक वस्तुमान मिळतं, वस्तुमानाला रासायनिक सूत्र, सूत्राला तक्त्यात एक ओळ. ३.४ मिलिडाल्टनच्या जोडीत खोटं शिखर उगवलं तर तेलाच्या नमुन्यात नसलेलं गंधकाचं संयुग नोंदवलं जातं. खरं शिखर दबलं तर असलेलं हरवतं. तेलातला गंधक किती आणि कोणत्या रूपात, यावर शुद्धीकरणाचे निर्णय होतात. जैविक नमुन्यात तीच ओळ एखाद्या चयापचयाच्या मार्गाचा पुरावा होते. तक्ता वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला हे शिखर जाडीतून वेगळं दिसलं होतं की मॉडेलनं उभं केलं होतं, हे कळायचा मार्गच नसतो.

त्यात भर म्हणजे बऱ्याच यंत्रांत मूळ ट्रान्झिएंट वापरणाऱ्याच्या हातीच येत नाही. साठवला जातो तो प्रक्रिया केलेला स्पेक्ट्रम. म्हणजे पाच वर्षांनी कोणाला शंका आली तरी परत मोजून बघायला काही उरलेलं नसतं. मोठा चुंबक नसलेल्या प्रयोगशाळांना याचा सर्वांत जास्त फटका बसतो. त्यांची भिस्त प्रक्रियेवर जास्त, आणि ती तपासायची सोय कमी.

काय मागायचं

मला या पद्धती बंद करायच्या नाहीत. त्यांच्याकडून तीन चाचण्या मागायच्या आहेत, आणि तिन्हींना नवीन यंत्र लागत नाही.

पहिली: लांब ट्रान्झिएंट घ्या, समजा ३ सेकंदांचा. त्याचा पहिला अर्धा सेकंद कापा आणि फक्त त्यावर नवीन पद्धत चालवा. मग पूर्ण ३ सेकंदांचा साधा फूरिये स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. उत्तरपत्रिका तुमच्याच फाइलमध्ये आहे. किती शिखरं बरोबर आली, किती सुटली, किती जास्तीची उगवली, हे तीन आकडे छापा. जास्तीच्या शिखरांचा आकडा मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

दुसरी: संगणकावर एकच लाट बनवा, तिच्यात गोंगाट घाला, ती थोडी विरू द्या, थोडी सरकू द्या. पद्धत किती वेळा दोन शिखरं सांगते ते मोजा. या चाचणीला एक दुपार पुरते.

तिसरी: जोडीतल्या शिखरांचं प्रमाण एकास एकवर थांबवू नका. दहास एक, शंभरास एक करून बघा आणि पद्धत नक्की कुठे मोडते ते सांगा. मोडण्याची जागा सांगितलेली पद्धत वापरणाऱ्याच्या जास्त कामाची असते.

आणि तुलना करताना दोन्ही बाजूंना तोच टी, तीच खिडकी, तोच एम/झेड. शक्य तिथे ट्रान्झिएंट निबंधासोबत जाहीर करावा.

या कसोट्यांवर ॲब्सॉर्प्शन मोड उत्तम गुणांनी पास होतो, आणि ज्यांच्याकडे ट्रान्झिएंट आहे पण जे अजून मॅग्निट्यूडवर अडले आहेत त्यांनी तो उद्यापासून वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. फेज-बद्ध पद्धती ओळखीच्या शिखरांसाठी पास होतात. अज्ञात, गर्दीच्या मिश्रणांत गृहीतकांवरच्या पद्धतींनी सांगितलेलं नवीन शिखर मी तरी "उमेदवार" म्हणूनच नोंदवेन. लांब ट्रान्झिएंट किंवा मोठ्या चुंबकावरची मोजणी त्याला दुजोरा देत नाही तोवर त्याला सूत्र द्यायची घाई करणार नाही. पुढच्या वेळी "रिझोल्यूशन दुप्पट" असं वाचलंत तर आकृतीआधी पद्धतींचा विभाग उघडा, आणि ही वाढ रंगरंगोटीची, वसुलीची की उधारीची, ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा.